साडूपेक्षा मोठा लोडर

माझा साडू हिंजवडीचा. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची शेती आयटी पार्कात गेली, पैसे आले, आणि एक दिवस तो माझ्या कोथरूडच्या घरी येऊन म्हणाला, "साडूभाऊ, तुमचा झाडं छाटायचा धंदा मला बी शिकवा की. नुसतं बसून कंटाळा आलाय." मी शिकवला. परवानगीचा अर्ज कसा करायचा, जड फांदीला आधी खालून चीर द्यायची आणि मग वरून कापायची, म्हणजे खोडाची साल सोलवटत नाही, सगळं शिकवलं. वर्षभरात पठ्ठ्यानं हिंजवडीतल्या दोन कंपन्यांच्या आवारांचं काम धरलं! मी आपला सोसायट्यांच्या सेक्रेटरींची बोलणी खात होतो तिथेच. जळलो मी. उगाच कशाला लपवू, चांगला करपलो.

त्यात दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघं जावई सासुरवाडीला जमलो, तर यानं मोबाइल काढून फोटो फिरवायला सुरुवात केली. लोडर घेतला होता. रिक्षापेक्षाही अरुंद, चार चाकांचं छोटं मशीन, पुढे ओंडका धरायला लोखंडी चिमटा. चार माणसांचा ओंडका एकटं उचलून टेम्पोत टाकतं म्हणे. सासरे चष्मा पुसून पुसून बघत होते. "धाकट्या जावयांनी नाव काढलं हो," म्हणाले. मी थोरला जावई, समोर बसून करंजी खात होतो.

घरी येताना बायकोला म्हटलं, आपणही लोडर घ्यायचा. कारण तयारच होतं. माझ्याकडे झाडावर चढणारा एक वऱ्हाडी माणूस होता, माझ्याच वयाचा. पुण्यात कारखान्यात काम शोधायला आला आणि माझ्याकडे राहिला तो राहिलाच. पावसाळी शिरीषाच्या शेंड्यावर दोर टाकून असा चढायचा की खाली सोसायटीची माणसं चहा विसरून बघत उभी राहायची. कापलेले ओंडके खांद्यावर वाहायलाही तोच पुढे. दोन वर्षांपासून त्याची पाठ धरत होती. शर्टाच्या आत पट्टा बांधून यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, चढायचं तर चढ, वजन उचलू नकोस. तर लोडर त्याच्या पाठीसाठी, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. खोटं नव्हतं ते. पण पाठ दोन वर्षांपासून दुखत होती आणि लोडर मला पाडव्यानंतर सुचला.

त्याला मात्र ते खरंच वाटलं. रविवारी सुट्टीच्या दिवशी तो आपणहून आमच्या सगळ्या सोसायट्या हिंडला. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधून मागच्या अंगणात जायला जी बोळकांडी असते, ती दोर लावून मोजली. सगळ्यात अरुंद जी निघाली, तिच्या मापावर दोराला गाठ मारली. माझ्या हातात दोर देऊन म्हणाला, "भाऊ, या गाठीत बसते ते मशीन घ्या. बाकी काही पाहू नका."

त्यालाच बरोबर घेऊन हायवेवरच्या शोरूममध्ये गेलो. पहिलं मशीन दाखवलं ते गाठीच्या आत बसलं, वर वीतभर दोर उरला. वजनानंही हलकं, ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं फुटायची भीती नाही. माझा माणूस खूश! मीही हो म्हणणार होतो. तेवढ्यात तो टाय लावलेला विक्रेता म्हणाला, "सर, बेस्ट चॉइस. हिंजवडीच्या एका साहेबांनी हेच मॉडेल नेलं मागच्या महिन्यात."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. साडूचंच मशीन साडूनंतर घ्यायचं, आणि पुढच्या पाडव्याला सासऱ्यांना तोच फोटो दाखवायचा? म्हटलं, "याच्यापेक्षा मोठं दाखवा."

मोठं होतं. बंद केबिन, आत एसी, समोरून बघितलं की छाती दडपावी असं. माझ्या माणसानं मुकाट्यानं दोर लावला. गाठ हातभर अलीकडेच राहिली. त्यानं दोर तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"असू दे रे," मी म्हटलं, "कंपन्यांची मोठी कामं येतीलच आता."

त्यानं दोराची गुंडाळी करून खिशात ठेवली.

हार घातला, नारळ फोडला, फोटो सासुरवाडीला रवाना केला. साडू पेढे घेऊन बघायला आला. "लई भारी हाय, साडूभाऊ! पर सोसायटीत शिरंल का हे?" मी म्हटलं, "तुम्ही नका काळजी करू." मनात म्हटलं, आता कसं वाटतंय?

कंपन्यांची कामं काही आली नाहीत. तिथे साडू होता ना! आलं ते नेहमीच्याच सोसायटीतलं, मागच्या अंगणातला वठलेला गुलमोहर. माझं मशीन बोळकांडीपाशी जाऊन अडलं. सेक्रेटरी पायरीवर उभे राहून म्हणाले, "अहो, असं करू, आपण भिंत पाडून घेऊ. हवं तर इमारतही थोडी सरकवू. आपल्या यंत्राची गैरसोय नको." बायका गॅलरीतून हसल्या. लोडर रस्त्यावर नेऊन उभा केला. अर्ध्या तासात त्याच्याभोवती लोकांनी स्कूटर लावल्या.

गुलमोहर कापून झाला, ओंडके संध्याकाळच्या आत हलवायचे होते. माझा माणूस पट्टा आवळत होता. मी त्याला थांबवायला हवं होतं. पण त्या हसण्यानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "आजचा दिवस काढ. चार तर खेपा आहेत."

तिसऱ्या खेपेला तो बोळकांडीच्या मध्येच भिंतीला टेकून खाली बसला. ओंडका बाजूला पडला. तोंड पांढरंफटक. "भाऊ, पाय समजून नाही राहिले मले," एवढंच म्हणाला. आम्ही त्याला एका जुन्या दाराच्या फळीवर झोपवून टेम्पोत घातलं. ऑपरेशन झालं, तो गावी गेला. मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा काय बोलावं कळेना, म्हणून केला नाही. मोठा लोडर पुढे विकून टाकला.

वर्षभरानं त्याच सोसायटीचं काम साडूनं घेतल्याचं कळलं. राहवेना. भाजीची पिशवी घेऊन, मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. बोळकांडीतून साडूचा लोडर ओंडका धरून अलगद बाहेर येत होता आणि चालवायला माझा माणूस होता. माझा! मला आधी काय वाटावं? तो चालता झाला याचा आनंद? नाही. हाही साडूनं नेला, हेच वाटलं.

त्यानं मला पाहून मशीन थांबवलं. हसला. उतरताना मात्र दांडा धरून एकेक पाय टाकत उतरला.

"चढत नाही आता," म्हणाला. "येच्यावर बसतो. तुमच्या साडूभाऊनं गावी येऊन आणलं मले. हे पाहा, पाठीसाठी गादीबी शिवून देल्ली."

कापसाची जाड गादी होती, पाठीच्या बाजूला उंचवटा काढलेली. पाठ कशी आहे, हे मला विचारायचं होतं. देवाशपथ, तेच विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "याच्याहून चांगली मी शिवून दिली असती."

"हो भाऊ," तो म्हणाला. सावकाश वर चढून बसला, मशीन सुरू केलं. मी तसाच उभा.

"बाजूले व्हा भाऊ," तो म्हणाला, "रस्ता लहान हाय. तुमी मधात उभे आहा."