हातभर आतडं

मावशीचं काम सांगितलं की लोक नाक मुरडतात. खुशाल मुरडा. तुमच्या ताटातल्या सॉसेजचं साल तिच्याच हातून गेलेलं असतं.

कत्तलखान्यामागच्या लांब शेडमध्ये ती मेंढ्यांची आतडी साफ करते. आतडं नळाखाली धुवायचं, उलटं करायचं आणि बोथट सुरीने आतला थर खरवडायचा. तो थर ओल्या मखमलीसारखा असतो, बोटाला लव लागते. लव गेली की उरते नुसती पातळ नळी, ती मिठाच्या पिंपात जाते. तुटके, हातभर तुकडे कामाचे नाहीत, ते पायाजवळच्या बादलीत. मावशीच्या सुरीबरोबर तिचं तोंडही चालायचं. "अगं ए, आतडं आहे ते, सासूची वेणी नाही, हळू ओढ!" असं नव्या पोरीला म्हणाली की शेडभर हसू.

तिचा नवरा बाजारात हमाल. खाण्यामुळे सगळे त्याला पैलवान म्हणायचे. दुपारी तिचा डबा घेऊन यायचा आणि दारातून आत डोकवायचा. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं आतडं बघून म्हणायचा, "एवढीशी मेंढी आणि पोटात एवढा दोर! माझ्यात किती असेल गं?"

"तुमच्यात आतडं नाहीच. गटार आहे. कितीही ओता, तुंबत नाही."

युनियनच्या कामासाठी मी तिथे जायचे, हे सगळं ऐकायचे, हसायचे.

त्याच पैलवानाच्या आतड्याला पीळ बसला. पोट दुखतंय म्हणत दिवसभर ओझी वाहिली आणि बाजारातच कोसळला. पिळामुळे रक्त अडलं होतं, आतडं काळं पडलं होतं. जवळजवळ सगळं लहान आतडं कापून काढावं लागलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जीव वाचलाय. पण आतडं एवढंच उरलंय," म्हणत त्यांनी दोन्ही हात समोर धरून माप दाखवलं.

पैलवानाची थोरली बहीण म्हणाली, "उरलंय ना? मग झालं. खाऊ घालू, उभा राहील."

मलाही तसंच वाटलं. मावशी मात्र भिंतीला पाठ लावून खाली बसली. रोज टेबलभर आतडं पसरणाऱ्या बाईला ते माप कोणी समजवायची गरज नव्हती.

मला होती. आयुष्यभर मोर्च्यांत पोटभर अन्नासाठी घसा फोडला मी. पोट भरलं की माणूस जगला, अशी माझी समजूत. डॉक्टरीणबाईंनी ती मोडली. जठरात अन्न मुख्यतः घुसळलं जातं. पुढे लहान आतड्यात पित्त आणि पाचकरस मिसळतात, अन्नाचे अगदी बारीक कण सुटे होतात आणि आतली लव ते उचलते. लव म्हणजे लाखो इवलेसे अंकुर, प्रत्येकात केसाहून बारीक रक्तवाहिन्या. साखर आणि प्रथिनं तिथून रक्तात, रक्तातून यकृताकडे आणि मग अंगभर. चरबी जरा वेगळ्या वाटेने जाते, पण शेवटी रक्तातच येते. मोठं आतडं मुख्यतः पाणी ओढून घेतं. म्हणजे खाल्लेलं अंगाला लागतं ते त्या मखमलीमुळे. ती नसली तर घास या दारातून आत, त्या दारातून बाहेर.

शिरेतून पोषण देता येतं. आमच्या दवाखान्यात ती सोय नव्हती, मोठ्या दवाखान्यात रांग होती. मी तिथल्या साहेबांच्या टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, "बघतो." या एका शब्दाने किती माणसं मारली असतील, देव जाणे.

घरी पैलवान सारखा भुकेला. मावशी सांगितल्याप्रमाणे थोडं थोडं द्यायची. वाटीभर मऊ भात, जरा वेळाने मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. तो दिवसागणिक वाळत चालला. नणंदेने तिला दारातच गाठलं.

"वाटी वाटी काय देतेस? भाऊ आहे तो माझा, मांजर नाही! हात आखडतो का तुझा?"

"वन्सं, जास्त दिलं तर आहे तेही वाहून जातं."

नणंदेला पटलं नाही. मावशी कामावर गेली तशी तिने भात, बटाटे, अंडी असं भरगच्च ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चाटूनपुसून खाल्लं. संध्याकाळपर्यंत सगळं वाहून गेलं, ओठ सुकले, डोळे खोल गेले. नणंद त्याचे पाय धरून रडत बसली. मावशीने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. मी असते तर लावला असता.

पुढे एका सकाळी मी तिथेच बसले होते. पैलवान म्हणाला, "ए, खरं सांग. किती ठेवलंय त्यांनी आत?"

मावशीने दोन्ही हात जातील तितके लांब पसरले. "हे एवढं. जास्तच आहे, माझे हात पुरत नाहीत."

तो हसला. काडीसारख्या बोटांनी त्याने तिची मनगटं धरली आणि तिचे हात हळूहळू जवळ आणले. हातभर अंतर राहिल्यावर थांबला.

"एवढंच ना? एवढ्याला तू मीठसुद्धा लावत नाहीस गं. बादलीत टाकतेस."

 तिने मनगटं सोडवून घेतली नाहीत.

"जाऊ दे. आज काय आहे?"

"मऊ भात."

"आज जरा जास्त वाढ."

तिने वाटी काठोकाठ भरली आणि स्वतः भरवली.

मोठ्या दवाखान्याचं बोलावणं आलं तेव्हा घरात तेराव्याची तयारी चालली होती. मी तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन टाकला. बोलले काय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मावशी पुन्हा शेडवर जाते. सुरी चालते, तोंड चालत नाही. हातभर तुकडे आता बादलीत पडत नाहीत. ती त्यांना मीठ लावते आणि पिंपात ठेवते. मुकादम कुरकुरला, "हे कोण घेणार?"

ती म्हणाली, "असू दे."