नर्सच्या भुताची तीन पुस्तकं

माझी शाळा तिसरीपर्यंत. तरी दिघ्यातल्या आमच्या बुद्धविहारात पावसाळी वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळचा ग्रंथ मीच वाचायचो. हे मी मोठेपणाने सांगतो, कारण तो मोठेपणा मला कुणी दिलेला नाही, मी कमावलाय. वस्तीत शिकलेले पुष्कळ आहेत. पण ते भरभर वाचतात आणि अवघड शब्द आला की तोंडातल्या तोंडात गिळतात. मी गिळत नाही. अडलो की थांबतो, अक्षराला अक्षर लावतो, तोवर सगळे वाट बघतात. पहिल्या पानावर जे छापलंय तिथून सुरू करायचं आणि शेवटपर्यंत एक अक्षर सोडायचं नाही, ही माझी पद्धत. एपीएमसीत कांद्याच्या गोण्या उचलायचो तेव्हाही अर्ध्या वाटेत कधी गोणी टेकली नाही.

आणि भुताखेतावर माझा विश्वास नाही. बापाने धम्म घेतला तेव्हा घरातले टाक, देव्हारा, अंगारा, सगळं नदीत सोडलं. त्यानंतर आमच्या घरात देव आला नाही आणि भूतही आलं नाही. आलं ते टीव्हीवरून, बायकोच्या मागोमाग.

सिरियल होती. घाटातला एक बंद पडलेला दवाखाना, आणि त्यात एका नर्सचं भूत. पांढरा ड्रेस, हातात टॉर्च. वॉर्डातून फिरते, एका रिकाम्या खाटेपाशी थांबते आणि तिथला पेशंट शोधत बसते. एवढ्यावर त्यांनी किती महिने काढले ते त्यांनाच माहीत. बायको बघायची आणि मी तिला बोलायचो. "घरात बुद्ध आणि टीव्हीत भूत?" ती म्हणायची, "तुमी तिकडं तोंड करून जेवा."

तिला ती सिरियल का आवडायची ते मला कळत होतं. ती ऐरोलीच्या एका दवाखान्यात आया होती. रात्रपाळ्या करून करून तिच्या पायाच्या नसा फुगल्या. त्या नर्सने वॉर्डाचं दार उघडलं की बायको इथून म्हणायची, "आधी पंखा बंद कर बाई, गारठलेत सगळे."

मग काचबिंदूने तिचे डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ती सिरियल नुसती ऐकू लागली, तर चॅनलने तीच मध्येच बंद करून टाकली. नर्सला पेशंट सापडला की नाही, तिची सुटका झाली की नाही, काही नाही. त्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. त्या दिवसापासून बायको भिंतीकडे तोंड करून बसायची. दोन घास खायची, विचारलं तेवढंच बोलायची. सून चिडायची, मी चिडायचो.

मुलगी उलव्याला राहते. ती एका रविवारी तीन पातळ पुस्तकं घेऊन आली. "आई, तुझ्या सिरियलवर कादंबऱ्या निघाल्यात." वरती त्याच नर्सचा फोटो, टॉर्चसकट. मुलीने दोन पानं वाचली, तिला फोन आला, ती गेली. बायको माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमी वाचाल का?"

डोळे गेल्यापासून तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. नाही कसं म्हणणार? पण हो म्हणतानाही मी म्हटलं, "वाचीन. पण माझ्या पद्धतीनं."

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर पाट मांडला, त्यावर पांढरं कापड टाकलं आणि पुस्तक ठेवलं. हाताची सवय, दुसरं काय. कापडाचा आवाज तिने ओळखला.

"भुताला कशाला पांढरं कापड?"

"पुस्तकाला आहे. गप ऐक."

आणि मी विहारात वाचतो त्याच चालीत, मोठ्याने, पहिल्या पानापासून सुरू केलं. सर्व हक्क राखीव. वाहिनीच्या परवानगीने. यातील पात्रे व घटना काल्पनिक असून... आवाज गल्लीत गेला. शेजारणींना वाटलं, काकांनी घरी ग्रंथ लावलाय. दोघी डोक्यावर पदर घेऊन, चपला बाहेर काढून आत येऊन बसल्या. हात जोडून त्यांनी छापखान्याचा पत्ता ऐकला, किंमत ऐकली. नर्स आली तेव्हा एकीने हळूच विचारलं, "काका, ही कुणाची गोष्ट?" बायको पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी. मी वाचत राहिलो.

उठून कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी बायका आल्या. पुस्तकात भलतंच होतं. सिरियलमध्ये मेलेला डॉक्टर इथे जिवंत.

"तो मेला की!" बायको ओरडली. "जिन्यावरून पडला. मी सोता बघितलाय."

"पुस्तकात चहा पितोय."

"मग त्याचंपन भूत झालं असंल."

"भूत नाही. चहा पितोय म्हणून लिहिलंय."

"तुमीच चुकीचं वाचताय."

मी चुकीचं वाचतो असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. मागे जाऊन प्रस्तावना पुन्हा वाचली. तिथे लिहिलं होतं की ही गोष्ट सिरियलच्या पहिल्या भागातली आहे, डॉक्टर मरायच्या आधीची. बायको म्हणाली, "असं व्हय. मग पिऊ द्या बिचाऱ्याला."

वर्षावास चालू होता. दुपारी घरी, संध्याकाळी विहारात, असा माझा घसा बसत चालला. तेवढ्यात विहाराच्या समितीचा सचिव घरी आला. बँकेत आहे, माझ्या मुलाच्या वयाचा, बोलायला नम्र.

"बाबा, रागवू नका. दुपारी भूत आणि संध्याकाळी धम्म, एकाच तोंडानं बरं दिसत नाही."

"तोंड माझं हाय."

"हो, पण ग्रंथ सगळ्यांचा आहे. लोक बोलतात."

"कोण बोलतं? बायका तर सगळ्या इथं बसतात."

"म्हणूनच बोलतात, बाबा. एवढा वर्षावास होऊ द्या. मग खुशाल वाचा."

आत बायको बसली होती. तिचा कान इकडे असणार. मला म्हणता आलं असतं की बाबा रे, ती आता कुठे चार घास खायला लागलीय, वर्षावास संपेपर्यंत थांबलो तर पुन्हा भिंतीकडे वळेल. पण तसं म्हटलं नाही. घरचं दुखणं पुढे करून कुणाकडे सूट मागायची हे मला कधी जमलं नाही.

"मग ग्रंथ तू वाच," मी म्हटलं.

तो उभाच राहिला. त्या संध्याकाळी विहारात लाऊडस्पीकर लागला, त्यावर सचिवाचा आवाज आला. मी खाटेवर पडून ऐकत होतो. "प्रतीत्यसमुत्पाद" तो एका श्वासात म्हणून गेला. मला त्या शब्दाला वर्षानुवर्षं दम घ्यावा लागायचा. मग मी कूस बदलली.

तिसरं पुस्तक संपायला आलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या पानावर नर्स दवाखान्याच्या दारात उभी. बाहेर उजाडतंय. तिचा हात कडीवर. खाली मोठ्या अक्षरांत छापलेलं: ती बाहेर पडेल का? जाणून घ्या फक्त तुमच्या लाडक्या मालिकेत.

छापलं होतं म्हणून तेही वाचलं.

"पुढं?" बायको म्हणाली.

"संपलं."

"पान उलटा."

"उलटलं. जाहिरात आहे."

"तीपन वाचा."

मी जाहिरात वाचली. मला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. एवढा घसा फोडला, विहारातली जागा सोडली, आणि शेवटी ते बंद पडलेल्या सिरियलकडे बोट दाखवतात. बायको आता भिंतीकडे तोंड फिरवणार असं वाटून मी तिच्याकडे बघितलंच नाही.

"ती नाही पडायची बाहेर," तीच बोलली. "कशी पडंल? तिचा चार्ज कुनी घेतलाय?"

शेजारीण म्हणाली, "म्हणजे काय हो, काकी?"

"ड्युटी संपली म्हनून निघता येत नाय. दुसरी बाई येते. कुठल्या खाटेवर कोन, कुनाला काय द्यायचं, सगळं ऐकून घेते. मग म्हनते, मी आले, जा तू. तवर हलायचं नाय. हिला कुनी म्हटलंच नाय. दवाखाना बंद करून सगळे गेले, ही आपली फिरतेय. तिला पेशंट नकोय गं. बदलीची बाई पायजे."

"असं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लिहिनाऱ्यानं रात्रपाळी केली नसंल." आणि तिने समोर, जिथे कुणीच नव्हतं तिकडे तोंड करून म्हटलं, "जा बाई तू. मी हाय."

दोघीतिघींनी पदर सावरले. मी भूत मानत नाही, तरी पुस्तक लगेच मिटलं नाही.

बायका उठायला लागल्या. एकीने विचारलं, "काका, उद्यापासून काय वाचणार?"

"उद्यापासून विहारात जा," मी म्हटलं. "तो वाचतो."

"चांगलं वाचतो का?"

"जरा पळतो. ऐकून घ्या."

बायको चाचपडत उठली आणि म्हणाली, "चहा टाकायला सांगा सुनेला. मला जरा जास्त."