सिनियरांची शनिवारची शाळा

आमच्या सिनियरांइतका सचोटीचा वकील अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि त्यांच्याइतका गैरसोयीचा तर बहुधा पृथ्वीच्या पाठीवर झाला नसावा. सचोटी ही आवळ्याच्या मुरंब्यासारखी थोडीशी चाखावी, म्हणजे प्रकृतीला मानवते. सिनियर ती वाटीभर घेत आणि वर शेजारच्याच्या पानातही वाढत. सत्तरच्या दशकात मी एलएल.बी. होऊन मंगरूळपीरच्या कोर्टात त्यांचा ज्युनियर म्हणून रुजू झालो. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर कोर्टात स्वतःच्याच बाजूला मारक असलेला हायकोर्टाचा एक निवाडा न्यायाधीशांपुढे ठेवला. समोरच्या वकिलाला तो सापडला नव्हता, न्यायाधीशांनाही ठाऊक नव्हता. आपल्याला ठाऊक आहे एवढ्या एका कारणावरून सिनियरांनी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि खटला हरले. आमचा पक्षकार शेलूबाजारचा एक गरीब स्वभावाचा माणूस होता. त्याने मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेतले आणि हळूच विचारले, "सायेब, हे माये वकील व्हते का त्याचे?" मी नवा होतो. मला नक्की सांगता येईना.

पक्षकाराला आडनाव विचारायचे नाही, हा त्यांच्या ऑफिसातला पहिला नियम. आधी गाऱ्हाणे ऐकायचे, मग आडनाव. आमच्याकडे आडनाव कळले की माणसाची जात कळते, जात कळली की त्याला खुर्ची द्यायची की सतरंजी हे हाताला आपोआप कळते, आणि मग कान निम्मेच ऐकतात, असे त्यांचे म्हणणे. म्हणून येईल त्याला तीच खुर्ची, तोच कप, आणि नाव मात्र नाही. म्हणणे अगदी खरे होते, पण त्याने मुन्शीचे हाल कुत्रा खात नसे. पक्षकार गाऱ्हाणे सांगून निघून जाई आणि दाव्यात नाव काय घालायचे म्हणून मुन्शी एसटी स्टँडपर्यंत त्याच्यामागे धावे. एकदा तर धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातले दोन्ही शेतकरी, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, सिनियरांकडेच आले. सिनियरांनी दोघांचेही नाव न विचारता मन लावून ऐकले आणि न्याय तुमच्या बाजूने आहे असे दोघांनाही सांगितले. तारखेच्या दिवशी दोघेही त्यांच्या मागे छाती काढून उभे राहिले. सिनियरांनी तिथल्या तिथे दोघांचेही काम सोडले. त्यावर ते दोघे आमच्यावर इतके संतापले की संतापाच्या भरात त्यांची एकमेकांशी दोस्ती झाली आणि धुऱ्याचे भांडण मिटले. हा आपल्या पद्धतीचा विजय आहे असे सिनियर पुढे कायम सांगत.

आपल्यात पूर्वग्रह नाहीत असे ते कधीच म्हणाले नाहीत. उलट एखाद्याने घरातली दुखणी सांगावीत तसे ते आपले पूर्वग्रह चारचौघांत सांगत. गॉगल लावणाऱ्या पोरांचा त्यांना मनस्वी राग. काळा चष्मा आणि बेलबॉटम दिसली की हा नक्की खोटे बोलणार, असे त्यांच्या मनात येई. मनात आले की ते स्वतःला दंड करून घेत. गॉगलवाल्या पक्षकाराला ते दुप्पट वेळ देत आणि दोनदा चहा पाजत. ही बातमी गावात फुटायला वेळ लागला नाही. आमच्या ऑफिसात गॉगलवाल्यांची वर्दळ एकाएकी वाढली. त्यातल्या बऱ्याच जणांना कोर्टाशी काही देणेघेणे नव्हते, चहाशी होते. मी हे सिनियरांच्या कानावर घातले तेव्हा ते म्हणाले की, त्यातला एखादा खरा असला तर त्याचे काय? आणि त्यांनी ऑफिसला लागूनच असलेल्या घरात काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आणखी चहा टाकायला सांगितला.

पण त्यांचे खरे वेड म्हणजे शनिवारची शाळा. वकिलाला सनद मिळाली म्हणजे त्याचे शिक्षण संपले ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. कायदा बदलला की आपण नवीन पुस्तक आणतो, मग स्वतःचे डोके कधी तपासतो, असे ते विचारत. म्हणून दर शनिवारी कोर्ट सुटले की बाररूमचे दार लावून ते वकिलांचा वर्ग घेत. येण्याची सक्ती कोणावरही नव्हती, पण काकूंच्या हातचा मुरमुऱ्याचा चिवडा डब्यातून येई आणि तो वर्गाला बसणाऱ्यालाच मिळे. त्यामुळे नीतिशास्त्राची गोडी मंगरूळच्या वकिलांना इतरांपेक्षा जरा जास्त होती.

वर्गाची रीत अशी. एकाने खरा खटला सांगायचा, पण त्यातले नाव, जात, गाव सगळे गाळून. बाकीच्यांनी त्यावर मत द्यायचे. मग नाव-गाव उघड करायचे आणि प्रत्येकाला तेच मत पुन्हा विचारायचे. दुसरे मत पहिल्यापासून हलले की सिनियर त्या माणसाला उभा करत आणि का हलले ते सांगितल्याशिवाय डब्याचे झाकण उघडत नसत. एकदा विहिरीवरच्या तांब्याच्या घागरीच्या चोरीचा खटला निघाला. पुरावा काहीच नव्हता, सगळ्यांनी आरोपीला सोडून दिले. मग कळले की आरोपी पारध्यांच्या बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा आहे. लगेच आमच्यातले एक बुजुर्ग घसा खाकरून म्हणाले, "पन यात जराक फरक हाये." सिनियर म्हणाले, "फरक खटल्यात नाई, वकीलसाहेब. फरक तुमच्या डोक्यात हाये." त्या दिवशी दिवे लागेपर्यंत आम्ही उपाशी बसलो होतो. पुढे 'जराक फरक हाये' हे वाक्य आमच्या बारमध्ये थट्टेचे झाले. कोणी चहाचे पैसे द्यायला टाळाटाळ केली तरी लोक तेच म्हणत.

सिनियरांना एक थोरली बहीण होती. इंझोरीला दिलेली. आम्ही ज्युनियर मंडळी तिला आत्या म्हणत असू. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि सासरी दिराच्या संसारात त्यांचे दिवस जात होते. दीर वाईट नव्हता, पण भाकरी वाढताना हात जरा आखडता घ्यावा इतका शहाणा होता. सिनियरांचे वडील गेले तेव्हा मागे गावाजवळचे एक चांगले विहिरीचे वावर होते, त्यांनी स्वकष्टाने घेतलेले. त्या साली भाऊबीजेला आत्या माहेरी आल्या, सिनियरांनी त्यांना भारीतली साडी केली आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्यापुढे नेऊन 'मला वाटा नको' असे लिहून घेतले. यात फसवाफसवी काही नव्हती. घरोघरी असेच होत होते, आणि सिनियरांना त्यात काही वावगे आहे असे कधी वाटलेच नव्हते. जगाच्या आडनावांवर पडदा टाकणाऱ्या या माणसाला आपल्या घरातले हे दिसले नव्हते, आणि बोलायची माझी छाती नव्हती.

एका दुपारी सिनियर अकोल्याला गेलेले असताना आत्या ऑफिसात आल्या. पदराने खुर्ची पुसून बसल्या आणि सगळे सांगितले. मी म्हणालो, आत्या, मी त्यांचा ज्युनियर, त्यांच्याविरुद्ध तुमचे वकीलपत्र मला घेता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

"वकीलपत्र कोन मांगून राह्यलं, बापू? कोर्टात गेली तं मले वावर भेटन, पन भाऊ नाई भेटनार. वाटा मांगितला का माहेर तुटते. मले दोन्ही पायजेत."

दोन्ही कसे मिळणार, मी विचारले. त्यांनी ते आधीच ठरवून ठेवले होते. शाळेची हकिकत त्यांना काकूंकडून कळली होती. त्या म्हणाल्या की, शनिवारी माझी गोष्ट तिथे सांग, आधी नाव सांगू नको, मग भाऊ काय बोलतो ते पाहू. शेवटी नाव उघड करायचीही परवानगी देऊन त्या निघून गेल्या आणि मला शनिवारपर्यंत जेवण गोड लागले नाही.

शनिवारी मी उभा राहिलो. एक बहीण, एक शिकलेला भाऊ, वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, भाऊबीजेची साडी आणि तलाठ्यापुढची सही. मला वाटले, पहिल्याच वाक्याला सिनियर ओळखतील. त्यांनी ओळखले नाही. ओळखणार कसे? खोलीतल्या निम्म्या लोकांच्या घरात हेच झाले होते, प्रत्येकाला ती दुसऱ्याची गोष्ट वाटत होती. कायद्याने बहिणीला सारखा वाटा आहे आणि तलाठ्यापुढच्या दोन ओळींनी तो बुडत नाही, हे सगळ्यांनी बिनचूक सांगितले. सिनियर तर रंगातच आले. भाऊ किती शिकलेला आहे, त्यांनी विचारले. बराच, मी म्हणालो. मग त्याचा दोष मोठा, ते कडाडले. अडाण्याला कायदा ठाऊक नसतो, याला ठाऊक होता, आणि तरी याने सख्ख्या बहिणीला एका साडीत वाटेला लावले. इतके बोलून त्यांनी रिवाजाप्रमाणे मला नाव-गाव सांगायला सांगितले.

 मी एवढेच म्हणालो, "बहीण इंझोरीची आहे, सर."

 सिनियरांनी टेबलाची कड धरली. आत्यांना सगळे ओळखत होते, तेव्हा पुढचे सांगायची गरज उरली नव्हती. आता नियमाप्रमाणे दुसरे मत द्यायचे होते आणि ते आधी सिनियरांनाच द्यावे लागणार होते. त्यांनी घसा खाकरला. "थांबा," ते म्हणाले, "पन यात जराक..."

वाक्य तिथेच थांबले. आम्ही कोणी हसलो नाही, एकमेकांकडे पाहिलेही नाही. त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला होता. मला त्या क्षणी त्यांची इतकी कणव आली की मी हे का केले असे वाटून गेले.  मग ते म्हणाले, "मत तेच हाये." आणि खाली बसले. चिवड्याचा डबा त्या दिवशी तसाच परत गेला.

सोमवारी ते कोर्टात आलेच नाहीत. दोन-चार दिवसांत त्यांनी वावराचे रीतसर वाटणीपत्र करून नोंदवले, आणि विहिरीकडचा, म्हणजे चांगला भाग आत्यांना दिला. पण तो कागद त्यांनी मुन्शीच्या हाती पाठवला. स्वतः इंझोरीला जायचे धाडस त्यांना होईना. पुढच्या शनिवारी ते शिकवायच्या जागेवर न बसता मागच्या बाकावर बसले आणि मास्तर नापास झाला म्हणून वर्ग मला घ्यायला लावला. वर्गाची संख्या मात्र रोडावली. बहिणी सगळ्यांनाच होत्या, आणि आपल्या इंझोरीचे नाव कधी निघेल याचा नेम नव्हता. एकदोघांनी घरी जाऊन वाटण्या केल्या. बाकीच्यांना चिवडा आवडेनासा झाला.

भाऊबीज आली. आत्या दरवर्षी येत, पण या वर्षी येतील असे सिनियरांना वाटत नव्हते. सकाळपासून ते ऑफिसात बसून जुन्या फायली उगीच वरखाली करत होते. दुपारी आत्या जीपमधून उतरल्या. वावरातली वांगी आणि संभार, म्हणजे कोथिंबीर, पदरात घेऊन आल्या होत्या. काकूंनी पाट मांडला, निरांजन लावले, आणि सिनियर काही बाहेर येईनात. पक्षकार आहेत म्हणून त्यांनी आतून निरोप पाठवला. पक्षकार कोणी नव्हता, मी होतो. तेव्हा आत्या स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "वावर देलं ना? आता भाऊ दे."

सिनियर उठले. पाटावर बसले. आत्यांनी त्यांना कुंकू लावले, ओवाळले, आणि त्या वेळी सिनियरांनी ताटात काय घातले ते मी पाहिले नाही, कारण ते लहान मुलासारखे रडत होते आणि मी दुसरीकडे पाहत होतो.

पुढे कितीतरी वर्षे आत्या त्या वावरात राहिल्या. छोटेसे टिनाचे घर बांधले, बाजाराला भाजी पाठवू लागल्या आणि रविवारी भावाला तिथे जेवायला बोलावू लागल्या. आता वकिलांसाठी नीतीची मोठमोठी शिबिरे होतात, शेवटी छापील प्रमाणपत्र मिळते, चहासोबत बिस्किटेही असतात. मीही जातो. व्याख्याने चांगली असतात, कोणी उपाशी बसत नाही, आणि कोणाचे मत हललेले मी अजून पाहिले नाही. सिनियर गेले तेव्हा आत्या हयात होत्या. अंगणात सगळे कोर्ट लोटले होते आणि मोठा वकील गेला असे जो तो म्हणत होता. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वकील गेला अशीन तुमचा, बापू. माहं तं माहेर गेलं."