माझ्याच आवाजात टँकर आला

माझी फजिती ऐकायचीय? मग आधी चहा घ्या, अन् हसायचं ते शेवटी, मधी नाय.

दुष्काळाची सालं होती. आमची कॉलनी मुकुंदवाडीच्या पलीकडं, नवीकोरी. घरं झाली, नळ बसले, नळाला पाणी तेवढं नाय. सगळी भिस्त टँकरवर. त्याचा काही नेम नाय, अन् आला की पुढच्या गल्लीतच रिकामा व्हायचा. मागच्या गल्लीतल्या कांबळेकाकूंना कळायचंच नाय, त्यांचे हंडे कोरडेच.

म्हणून कॉलनीनं माझ्या गच्चीवर भोंगा बसवला. मी मोबाईलवर लई ठसक्यात रेकॉर्ड केलं, "टँकर आला हो, टँकर आला, हंडे घेऊन या." पण भोंग्याच्या मशीनला मोबाईलची फाईल चालेना, एमपीथ्रीच पाहिजे.

वाळूजच्या कंपनीतला माझा दोस्त शेख म्हणाला, "एक सॉफ्टवेअर है, फुकट. कुछ भी डालो, कुछ भी बनाके देता."

उतरवलं. डबल क्लिक केलं. एक काळी खिडकी लुकलुकली अन् गायब. परत केलं, परत गायब. मला वाटलं कॉम्प्युटर गेला. शेखला फोन लावला.

"अरे भाई, उसपे क्लिक नहीं करते. काळी खिडकी वेगळी उघड, अन् तिथं कमांड लिही."

आता ते काय होतं, कसं सांगू तुम्हाला. ना बटण, ना चित्र. मी शेखनं फोनवर सांगितली तशी एक ओळ लिहिली, एंटर दाबलं, अन् पांढरी अक्षरं अशी भराभरा धावली की मी खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकलो. पापणी लवायच्या आत फाईल तयार. मी हात जोडले. खरंच जोडले. एवढी विद्या, अन् फुकट?

मग हाव सुटली. दुसरी कमांड लिहिली. आधी वाक्य, मग लांब शांतता, मग परत तेच वाक्य, असं पुन्हापुन्हा. म्हटलं, काकूंना हंडे शोधायला वेळ मिळंल. तेही झालं. मी तर पार भारावून गेलो.

कॉम्प्युटरचे स्पीकर कधीचेच गेलेले, म्हणून वायर भोंग्याच्या मशीनला जोडून ऐकलं. आवाज खणखणीत. तो खोलीतून येतोय का गच्चीवरून, एवढं भान कुणाला?

तेवढ्यात खाली पळापळ. डोकावलो, तर सगळी कॉलनी हंडे घेऊन धावतेय. म्हटलं, काय योग बघा, टँकर खरंच आला. दोन कळश्या उचलल्या अन् मीही धावलो. रांगेत पुढं बायको, तिच्या पुढं कांबळेकाकू, जन्मात पहिल्यांदा एवढ्या पुढं. मी तर एकाशी नंबरावरून भांडलोसुद्धा.

"टँकर कुठंय पण?" मी विचारलं.

"येईल की. आत्ताच तर पुकारलं," काकू म्हणाल्या.

"कुणी पुकारलं?"

उत्तर गच्चीवरून आलं. "टँकर आला हो, टँकर आला..."

सगळ्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडं. मी कळशी तोंडासमोर धरली.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "तुम्ही वर हायेत का खाली?"

भोंगा त्याच दिवशी, रेकॉर्डिंगसकट, काकूंच्या गच्चीवर गेला.

पुढं काही दिवसांनी मी वाळूजला शिफ्टला असताना टँकर खरंच आला. काकूंनी डोळ्यांनी बघितला अन् मगच भोंगा लावला. लोकांनीही आधी गच्चीवरून खात्री केली, मग उतरले. पुढची गल्ली, मागची गल्ली, सगळ्यांचे ड्रम काठोकाठ. मी घरी येऊन बघतो, तर आमचाच ड्रम कोरडा ठणठणीत.

"अगं, ऐकू नाय आलं का?"

"आलं की," बायको म्हणाली. "तुमचाच आवाज होता, म्हणून मी उठलेच नाय."