पाण्यातला हात

मिहिर तिकडे नॉर्वेला काय करतो, असं कुणी विचारलं की सुचेताबाई सांगत, "पाण्यात पट्टी हलवतो." कामतघर वस्तीतल्या निम्म्या लोकांना ती थट्टाच वाटे. खरं म्हणजे याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. माशाच्या शेपटीसारखी पट्टी फडफडवून होडी पुढे कशी न्यायची, यावर पोरगं संशोधन करतं, इथेच त्यांचं गाडं अडत असे.

रविवारी दुपारी फोन होई. जेवलास का? जेवेन गं. थंडी आहे? आहे. मग शेजारच्या यंत्रमागाची खडखड तेवढी ऐकू येई. एकदा त्यांनी कामाचं विचारलं, तर "जाऊ दे आई, तुला कंटाळा येईल," म्हणाला. वाईट बोलला नव्हता, पण त्यांना ते लागलं. याच मुलाला एकेकाळी बडबड आवर म्हणून दटावावं लागायचं. त्यांना होड्याबिड्यांशी काय करायचंय? त्यांना त्याची ती बडबड हवी होती, आणि तिच्यावाचून जीव तुटत होता.

एका रविवारी त्यांनी मोठा टब भरला. मिक्सरच्या खोक्यातल्या थर्माकोलला भोक पाडून त्यात लाटणं उभं खोचलं. पाण्यातल्या टोकाला स्टीलची पट्टी बांधली आणि लाटणं डावं-उजवं फिरवू लागल्या. साडी भिजली, थर्माकोल जागच्या जागी डुलत राहिला. "आता मासे पाळणार का?" मिहिरचे बाबा, चिंतामणराव, दारातून विचारून गेले. बाईंनी पाण्यात हळद टाकली, तेव्हा दिसलं की पट्टी पाणी नुसतं दोन्ही बाजूंना ढकलतेय. मग प्लॅस्टिकची पिशवी बांधली. ती अगदीच लुळी, नुसती लोंबकळली. शेवटी कपाटाच्या तळातली जुनी एक्स-रे फिल्म काढली. ती कापवेना, म्हणून अख्खीच बांधली. लाटणं वळलं की तिचं टोक मागाहून लवत येई आणि पिवळं पाणी मागे फेकलं जाई. थर्माकोल सरकत जाऊन टबाच्या काठाला टेकला.

त्या दिवशी फोनवर त्यांनी जेवणाचं विचारलंच नाही.

"मिहिर, कडक पट्टीनं होडी हलत नाही आणि लवणाऱ्या पट्टीनं चालते, असं का रे?"

तो सुटलाच. टोक उशिरा वळतं म्हणून पाणी मागे जातं. फार लवलं तरी जोर जातो. नेमकं किती लवायला हवं, त्यातच त्याचं सगळं वर्ष गेलं होतं. तोंडाला खळ नव्हता. अर्धं बाईंच्या डोक्यावरून गेलं. त्या टबाशेजारी पाटावर बसून ऐकत राहिल्या, आणि जेवणाची ताटं झाकलेलीच राहिली.

मग त्याला बघायचं होतं. बाईंनी फोनचा कॅमेरा टबावर धरला आणि दुसऱ्या हाताने लाटणं फिरवलं.

"आई, फिल्म कुणाची आहे?"

"तुझीच. तिसरीत सायकलवरून पडला होतास, तेव्हाची."

पिवळ्या पाण्यात फिल्मवरचा एवढासा हात हलत होता, रिक्षातून शाळेत जाताना हलायचा तसा. तिकडून आवाज येईना. कॉल कटला वाटून त्यांनी फोन वळवला, तर तो होता, त्यांच्याकडेच बघत होता.

"आई," तो म्हणाला, "तू जेवलीस का?"