कवळी डबीत, गोळा पोटात

"मॅडम, कॅन्सर हाय का न्हाय, तेवढं सांगून टाका की!" सीटी स्कॅनचा लिफाफा छातीशी धरून यल्लम्मा उभ्या होत्या. शेजारी खुर्चीत त्यांचे यजमान नरसय्या. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस.

मी पोटविकारांची डॉक्टर. नरसय्यांना दोन महिने चार घासांतच पोट भरायचं, उलट्या व्हायच्या. वजन उतरलेलं, डायबेटिस जुना. जठरात मोसंबीएवढी गाठ, कॅन्सर असू शकतो, असा रिपोर्ट. खरं सांगते, मीही धास्तावले.

पण गाठीत हवेचे बुडबुडे दिसत होते. शिवाय ती जठराच्या भिंतीला चिकटलेली वाटेना. अडकलेल्या अन्नाचा गोळा तर नसेल? म्हणून खाण्याचं विचारलं.

"भाजी-भाकरी," नरसय्या म्हणाले.

"नीट चावता ना?"

त्यांनी बत्तीशी दाखवली. मी विश्वास ठेवला. तिथंच फसले.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत बघायचं. त्याआधी शबाना सिस्टरांनी त्यांची कवळी काढून घेतली आणि उजेडात धरली.

"मॅडम, ही तर कोरी करकरीत!"

चार वर्षांची कवळी, मालक तंबाखू खाणारा, आणि एक डाग नाही.

"काका, ही लावता कधी?"

"लावतो की! लग्नाला, फोटोला. डॉक्टरकडं येताना."

"आणि जेवताना?"

"झिजंल की ओ!"

दारातून यल्लम्मा कडाडल्या, "लेकानं करून दिली म्हणून डबीत ठेवतेत! शेवग्याच्या शेंगा लई आवडीच्या. चोथा थुंकायचा सोडून गिळतेत!"

कॅमेऱ्यात हिरवट-काळा, धाग्यांचा गोळा दिसला. त्याला फायटोबेझोआर म्हणतात. डायबेटिसमुळे जठर मंदावतं, न चावलेले धागे पुढे सरकत नाहीत, एकमेकांत गुंतून गोळा होतो. शेजारी एक जखम होती. तिचा तुकडा तपासायला पाठवला.

गोळा मऊ करायला वॉर्डात ठेवून बिनसाखरेचा कोला पाजला. होय, तोच, बाटलीतला! घरी मात्र हा प्रयोग करू नका. सुटलेला तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच. तिसऱ्या दिवशी नळीतूनच गोळा फोडून बाहेर काढला.

जखमेचाही रिपोर्ट साफ आला. "कॅन्सर नाही," मी सांगितलं. यल्लम्मा हमसून रडल्या. मग डोळे पुसून नवऱ्याकडे वळल्या.

"दात जपलात, आन् मला जितेपणी मारलंत की हो!"

मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

काय खाता, एवढं विचारून भागत नाही. आता मी वयस्कर पेशंटना विचारते, जेवताना कवळी कुठं असते? बरेच जण आधी बायकोकडे बघतात.