मशीन उठत नाय

लाईट जाऊन आली की वरच्या मजल्यावरचे काका माझं दार वाजवायचे. बेल कधीच नाही. "मशीन उठत नाय," एवढंच बोलून जिना चढू लागायचे. कंटाळा यायचा, पण मी जायचो.

मुलाने पाठवलेलं वारा-पाऊस मोजायचं यंत्र त्यांच्या गच्चीवर होतं, आणि आकडे दाखवायला घरात छोटा कॉम्प्युटर. लाईट आली की गच्चीवरचं यंत्र जागं व्हायच्या आतच कॉम्प्युटरमधला प्रोग्राम त्याला शोधायचा आणि बंद पडायचा. एका एप्रिलमध्ये मी प्रोग्रामला सुरू होण्याआधी थोडं थांबायला लावलं. तपासायला मेन स्विच पाडून पुन्हा लावला. प्रोग्राम आपला आपण सुरू झाला. पडद्यावर हवेचा दाब घसरताना दिसत होता.

काका उठले. "पाऊस येनार. मीठ झाकाला पायजे," म्हणत त्यांनी चपला घातल्या, कोपऱ्यातली ताडपत्री काखेत घेतली आणि दार उघडलं.

गव्हाण गावाकडचं त्यांचं मिठागर नव्या शहराच्या भरावाखाली केव्हाच गेलं होतं.

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. परत आले, ताडपत्री होती तिथे ठेवली आणि चपलांसकट पडद्यासमोर बसले.

"साहेब," ते म्हणाले, "आदी होतं तसंच करून द्या. लाईट गेली का मी येन तुमाला बोलवाला."